पाचवं पुस्तक वाचून मुलं चिडतात तेव्हा

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेत सात पुस्तकं आहेत. त्यांतलं पाचवं, 'हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स', २१ जून २००३ रोजी प्रसिद्ध झालं. ब्रिटिश आवृत्तीत त्याची पानं ७६६ भरली, अमेरिकी आवृत्तीत ८७०. प्रकरणं ३८. साती पुस्तकांत सर्वांत लांब हेच. अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत सुमारे ५० लाख प्रती खपल्या आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच दिवशी १७ लाखांहून अधिक. एवढ्या ओढीने घेतलेल्या या पुस्तकावरून वाचकांत जितकं भांडण होतं, तितकं मालिकेतल्या दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावरून होताना मी ऐकलेलं नाही. कुणी ते अर्ध्यावर सोडतं, कुणी नायकावर डाफरतं, कुणी शेवट वाचून दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही, आणि कुणी हेच पुस्तक छातीशी धरून 'यासारखं दुसरं नाही' म्हणतं.

मी पुण्यात मुलांसाठी एक लहानसं वाचनालय चालवते. शनिवारी दुपारी दहा ते सोळा वयाची मुलं जमतात, वाचलेल्यावर बोलतात, वाद घालतात. ही मालिका तिथे कायम फिरत असते. कुणी इंग्रजीतून वाचतं, कुणी भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेल्या मराठी अनुवादापासून सुरुवात करतं. पहिली तीन पुस्तकं परत येतात ती हसऱ्या चेहऱ्यांनी. चौथं येतं ते 'पुढचं द्या ना ताई, आत्ताच' अशा घाईने. पाचव्याच्या वेळी मात्र प्रत्येक मूल काहीतरी निराळं बोलतं. ते ऐकत ऐकत मालिकेतल्या मधल्या पुस्तकाबद्दल, वाचकाबद्दल आणि आपण मोठी माणसं मुलांशी कसं वागतो त्याबद्दल मी जे शिकले, ते इथे मांडते आहे. पुस्तक अजून वाचायचं असेल त्यांनी आधी ते वाचावं, कारण पुढे शेवटाचीही चर्चा आहे.

१. पहिला शेरा पुस्तकापेक्षा वाट पाहण्यावर असतो

चौथं पुस्तक ८ जुलै २००० रोजी आलं होतं. त्याच्या शेवटी सेड्रिक डिगरी हा निरपराध मुलगा मारला जातो, हॅरीचा शत्रू, दुष्ट जादूगार वोल्डेमॉर्ट याला पुन्हा देह मिळतो आणि आता युद्ध पेटणार हे वाचकाला कळून चुकतं. त्यानंतर जगभरची मुलं जवळजवळ तीन वर्षं थांबली. अकराव्या वर्षी वाचायला लागलेलं मूल तोवर चौदा वर्षांचं झालं. त्या काळात प्रत्येकाने आपल्या डोक्यात आपलं एक पाचवं पुस्तक रचून ठेवलं होतं, आणि त्यात पहिल्या पानापासून लढाई होती.

प्रत्यक्ष पुस्तक उघडलं तर काय? हॅरी मावशीच्या घराबाहेर फुलझाडांच्या वाफ्यात आडवा पडून खिडकीतून बातम्या ऐकतो आहे. युद्धाचा मागमूस नाही. जादूच्या जगातलं वर्तमानपत्र त्याला खोटारडा ठरवतं आहे. त्या जगाचं मंत्रालय म्हणतं, वोल्डेमॉर्ट परतलेलाच नाही. तो स्वतःही कथेत जवळजवळ शेवटापर्यंत समोर येत नाही. तेव्हाच्या वाचकांची 'इतकं थांबून हे?' ही तक्रार त्या तीन वर्षांतून आली होती.

आजची मुलं सातही पुस्तकं ओळीने वाचतात. त्यांना वाट पाहावी लागत नाही, म्हणून त्यांची तक्रार वेगळी असते: 'चौथं इतकं पळत होतं, हे असं रांगतं का?' पुस्तक एकच असलं तरी ते कुठल्या पुस्तकानंतर आणि किती दिवसांनी हातात आलं, यावर पहिला शेरा ठरतो. त्यामुळे कुणी पहिल्या शंभर पानांवर मत दिलं की मी ते ऐकून घेते, पण त्यावर निकाल देत नाही.

२. आपल्याकडच्या मुलांना न संपणारं पुस्तक नवं असतं

मराठीत मुलांच्या मालिका आहेत आणि उत्तम आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कितीतरी पुस्तकांतून धावला, पण त्याचं प्रत्येक साहस त्या त्या पुस्तकात पुरं होतं. कुठलंही पुस्तक आधी उचला, काही अडत नाही. चोर सापडतो, बन्या 'ट्टॉक' करतो आणि आपण समाधानाने पुस्तक मिटतो.

ती सवय घेऊन आलेलं मूल मोठ्या कथेच्या मधल्या खंडाशी येतं तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटतं. 'संपलंच नाही हे' असं ते खरोखर रागाने म्हणतं. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी वोल्डेमॉर्ट निसटलेला आहे, हॅरीचं प्रेमाचं माणूस गेलेलं आहे आणि जिंकल्यासारखी गोष्ट एकच घडली आहे: मंत्रालयाला सत्य कबूल करावं लागलं आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हा विजय वाटत नाही.

म्हणून मी आता चौथं पुस्तक परत घेतानाच सांगून ठेवते, की पुढचं पुस्तक कोडं सोडवणार नाही, वाढवणार आहे. एवढ्या एका वाक्याने मुलाची बैठक बदलते. ते शेवटाची घाई न करता वाचतं.

३. नायकाचा राग कुणाला खटकतो, त्यावरून वाचकाचं वय ओळखता येतं

सर्वांत जास्त तक्रार एकच: हॅरी सारखा ओरडतो. मित्र रॉनवर ओरडतो, मैत्रीण हर्मायनीवर ओरडतो, इंग्रजी पुस्तकात तर त्याची ओरड पानंच्या पानं मोठ्या अक्षरांत छापलेली आहे. 'किती तापतो हा, त्या बिचाऱ्यांनी काय केलं?' असं मुलं म्हणतात. पहिल्या चार पुस्तकांतला सोसणारा, शहाणा हॅरी त्यांना परत हवा असतो.

पण ही तक्रार बहुतेक दहा ते बाराच्या मुलांकडून येते. चौदा-पंधराची मुलं हा विषयच काढत नाहीत. मी मुद्दाम विचारलं तर खांदे उडवतात, 'मग काय करणार तो?' हॅरी या पुस्तकात पंधरा वर्षांचा आहे. डोळ्यांदेखत त्याच्याबरोबरचा मुलगा मेला आहे. त्यानंतर अख्खा उन्हाळा त्याला कुणी कामाचा एक शब्द कळवलेला नाही. शाळेचे मुख्याध्यापक, ज्या डम्बलडोरवर त्याचा सर्वांत जास्त विश्वास, ते त्याच्या नजरेला नजरही देत नाहीत. पंधरा वर्षांच्या वाचकाला या रागाचं स्पष्टीकरण लागत नाही.

पुढे हीच मुलं पंचविशीत, तिशीत परत येतात तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. त्यांना हॅरीची काळजी वाटू लागते. लहानपणी 'चिडका' म्हणून हिणवलेल्या मुलात त्यांना आता आघात झालेलं, झोप उडालेलं, मदत न मिळालेलं पोर दिसतं. लहान वयातली चीड आणि मोठेपणीची माया, दोन्ही मला खऱ्या वाटतात. मी कुणालाही 'तुला कळलं नाही' असं म्हणत नाही. वय वाढलं की ते पान आपोआप दुसरं होतं.

४. वाचकाची चिडचिड आणि कथेची चिडचिड एकच असते

ही गोष्ट मला उशिरा उमगली आणि मग सगळं पुस्तकच उलगडलं. मुलं ज्याची तक्रार करतात ती नेमकी हॅरीची तक्रार असते: काही घडत नाही, कुणी काही सांगत नाही, सगळं मोठ्यांच्या बंद दाराआड चाललेलं आहे.

हॅरीचा धर्मपिता सिरियस याच्या ग्रिमॉल्ड प्लेसच्या कुबट घरात, जेवणाच्या टेबलाशी एक वाद होतो. हॅरीला किती सांगायचं? सिरियस म्हणतो, त्याला कळायला हवं. रॉनची आई मिसेस वीझली म्हणतात, तो अजून लहान आहे. या प्रसंगावर मी मुलांना विचारते, तुम्ही कुणाच्या बाजूचे? सारी मुलं सिरियसच्या बाजूला. त्यांना न्यायला आलेल्या आया मात्र दारातूनच मिसेस वीझलींची बाजू घेतात. मग असा काही कल्लोळ होतो की मी मधे पडत नाही.

पुस्तकाच्या अखेरीस डम्बलडोर स्वतः हॅरीपुढे कबूल करतात, की तुझ्यावरच्या मायेपोटी मी सत्य दडवलं आणि ते चुकलं. हॅरी आणि वोल्डेमॉर्ट यांच्याविषयीच्या भविष्यवाणीबद्दल हॅरीला वेळेवर कळलं असतं, तर वोल्डेमॉर्टने दाखवलेल्या खोट्या दृश्यामागे तो मंत्रालयात धावला नसता आणि सिरियस त्या रात्री तिथे आला नसता. मुलांपासून गोष्टी लपवल्याची किंमत अशी जिवाने मोजावी लागते, हे रोलिंगबाईंनी मोठ्यांना सुनावलं आहे. वाचकाला सातशे पानं अंधारात ठेवल्याशिवाय ते इतकं लागलं नसतं.

तेव्हापासून मूल म्हणालं, 'वाचताना मला फार राग आला', की मी पुढचा प्रश्न विचारते: 'हॅरीलाही येत होता का?' बहुतेक वेळा ते थबकतं आणि मग खरी चर्चा सुरू होते.

५. 'लांब आहे' म्हणणाऱ्याला पानाचा नंबर विचारावा

पुस्तक लांब आहे, हे खरंच आहे. पुढे एका मुलाखतीत रोलिंगबाईंनी स्वतः म्हटलं, की ते आणखी आटोपशीर करता आलं असतं. तेव्हा लांबीची तक्रार करणारं मूल आळशी ठरत नाही. लेखिकाच त्याच्या बाजूने आहे.

पण नुसतं 'बोअर झालं' यावर मी थांबत नाही. कुठे बोअर झालं, पुस्तक उघडून दाखव, असं म्हणते. बोटं ठरावीक ठिकाणी जातात. शाळेचा रखवालदार हॅग्रिड याची राक्षसांच्या प्रदेशातल्या प्रवासाची लांबलचक हकिकत. त्याचा सावत्र भाऊ ग्रॉप. ग्रिमॉल्ड प्लेसची ती न संपणारी साफसफाई. काही मुलांना चो चँगबरोबरची चहाच्या दुकानातली भेट नको असते, तर काहींना तीच सर्वांत आवडते, आणि त्यावरून मुलामुलींत हशा होतो.

असं बोट ठेवायला लागलं, की मुलाची नाराजी समीक्षा होते. कंटाळा कुठे सुरू झाला, का झाला, तो भाग काढला तर पुढचं काय कोसळेल, याचा ते विचार करू लागतं. पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायाने जे साधत नाही ते एका प्रामाणिक तक्रारीने साधतं. एका मुलीने ग्रॉपची सगळी पानं वगळून गोष्ट जुळते का ते पाहिलं. तिला आढळलं, की सेंटॉरच्या तावडीतून हॅरी आणि हर्मायनी सुटतात ते ग्रॉप धडपडत तिथे येतो म्हणून. 'म्हणजे लागतो तो, पण एवढा नाही,' हा तिचा निकाल. व्यावसायिक संपादकाने याहून वेगळं काय म्हटलं असतं?

६. ज्या खलनायकाचा सर्वांत जास्त तिटकारा येतो, तो वाचकाच्या ओळखीचा असतो

मंत्रालयाने शाळेवर बसवलेली शिक्षिका डोलोरेस अंब्रिज मुलांना वोल्डेमॉर्टपेक्षा नकोशी वाटते. गुलाबी कपडे, मांजरांची चित्रं असलेल्या बशा, लाडिक आवाज, बोलण्याआधी बारीक खाकरणं, आणि शिक्षा अशी की मुलाने लिहावं आणि अक्षरं त्याच्याच हाताच्या कातडीवर कोरली जावीत. स्टीफन किंग यांनी २००३ मध्येच पुस्तकाच्या परीक्षणात तिला हॅनिबल लेक्टरनंतरची सर्वांत थोर काल्पनिक खलव्यक्ती म्हटलं होतं.

वोल्डेमॉर्टसारखं कुणी मुलांनी पाहिलेलं नसतं. गोड बोलून अपमान करणारं, नियमावर नियम काढणारं, प्रश्न विचारला की वर्गाबाहेर उभं करणारं माणूस मात्र त्यांनी पाहिलेलं असतं. अंब्रिजचा विषय निघाला की आमच्या शनिवारच्या बैठकीत एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. कुणाचं नाव घ्यायचं नाही, हा नियम मी आधीच सांगते. मग ऐकू येतं ते असं: शंका विचारली म्हणून सगळ्यांसमोर झालेली टिंगल, दुसऱ्याने केलेल्या गोंगाटाची सबंध वर्गाला शिक्षा, घरी सांगितलं तर 'तूच काहीतरी केलं असशील' हे उत्तर.

हॅरीही हाताच्या जखमेबद्दल कुठल्या मोठ्या माणसाला सांगत नाही. हे मुलांना अजिबात विचित्र वाटत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. पुस्तकावरची प्रतिक्रिया ऐकताना कधी कधी त्या मुलाच्या आयुष्यातली गोष्ट हाती लागते. तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून त्याचं ऐकावं. अंब्रिजचा विषय निघालेल्या दुपारी, रॉनचे जुळे भाऊ फ्रेड आणि जॉर्ज कसे झाडूवर बसून शाळा सोडून गेले, हे प्रकरण मोठ्याने वाचायची फर्माईश नेहमी होते, आणि टाळ्याही पडतात.

७. पुस्तकातला मृत्यू हा मृत्यूच असतो

सिरियस ब्लॅक जातो. लढता लढता, हसता हसता, एका कमानीवरच्या पडद्याआड पडतो. देह नाही, निरोप नाही, अंत्यविधी नाही. वाचक मागची पानं चाळतो: आपलं काही वाचायचं राहिलं का? तो परत येईल, पडद्यामागे दुसरं जग असेल, ही अटकळ तेव्हा जगभरच्या वाचकांनी पुढची कित्येक वर्षं धरून ठेवली होती. आमच्याकडे आजही दर वर्षी एखादं मूल नव्याने तीच अटकळ घेऊन येतं.

हा प्रसंग लिहिल्यावर आपल्याला रडू कोसळलं, असं रोलिंगबाईंनी पुस्तक निघण्याच्या सुमारास सांगितलं होतं. लिहिणारीला रडू येतं, तर वाचणाऱ्याला का येऊ नये? तरीही घरोघरी मुलांना ऐकावं लागतं, 'अरे, गोष्टीतलं माणूस ते, रडतोस काय?' हे वाक्य मला क्रूर वाटतं.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाचे आजोबा गेले तेव्हा त्याला गावी नेलं नव्हतं. परीक्षा होती आणि तो लहान आहे, असं घरच्यांना वाटलं. आजोबांविषयी तो कधी बोलला नाही. सिरियसविषयी मात्र तो फार बोलला. पडद्यामागून आवाज ऐकू येतात ते खरे का, हॅरीची मैत्रीण लूना हिला ते ऐकू येतात मग हर्मायनीला का नाही, ज्यांनी मृत्यू पाहिला त्यांनाच थेस्ट्रल घोडे दिसतात तर मला दिसतील का? मी उत्तरं देण्याचा प्रयत्न केला नाही. लूना शेवटी हॅरीशी आपल्या आईबद्दल बोलते, ते पान आम्ही दोघांनी पुन्हा वाचलं. मुलाच्या दुःखाला पुस्तकाने वाट दिली, तर मोठ्यांनी त्या वाटेत उभं राहू नये.

८. गप्प बसणं हीदेखील प्रतिक्रिया आहे

या पुस्तकात एक प्रकरण असं आहे की त्यावर मुलं लगेच बोलत नाहीत. हॅरी आपला नावडता शिक्षक स्नेप याच्या आठवणीत शिरतो आणि तिथे त्याला आपला बाप दिसतो: पंधरा वर्षांचा, देखणा, हुशार, आणि केवळ वेळ जात नाही म्हणून स्नेपला सगळ्यांसमोर उलटा टांगणारा. चार पुस्तकं ज्या बापाचं कौतुक ऐकलं, तो इथे दांडगाई करणारा पोरगा निघतो. आणि ज्याचा द्वेष करायला आपण शिकलो, तो मार खाणारा.

'मग चांगलं कोण?' असं एका मुलाने बऱ्याच वेळाने विचारलं होतं. या प्रश्नासाठीच मधला खंड लिहावा लागतो, असं मला वाटतं. पहिल्या खंडात बाजू ठरतात, शेवटच्या खंडात त्यांची झुंज होते. आपल्या बाजूच्या माणसांचे दोष पाहायला मधल्या खंडातच उसंत असते. मुलाला तो धक्का बसला की त्याला लगेच समजावायला जाऊ नये. हॅरीलाही त्या आठवणीचा नीट उलगडा होत नाही. तो बापाच्या जुन्या मित्रांना, सिरियसला आणि ल्युपिनला, विचारतो, ते सारवासारव करतात, आणि त्याचं समाधान होत नाही. वाचकाचंही होऊ नये.

९. सिनेमा पाहून पुस्तकाचा निकाल लावू नये, पण सिनेमाचा उपयोग करावा

डेव्हिड येट्स यांनी दिग्दर्शित केलेला यावरचा चित्रपट २००७ मध्ये आला. सर्वांत लांब पुस्तकाचा चित्रपट १३८ मिनिटांचा, म्हणजे आधीच्या चारही चित्रपटांपेक्षा छोटा. पुस्तक लांबलं म्हणणारी मुलं त्यावर खूश होतात, वाचलेली मुलं रुसतात. सेंट मंगोज हे इस्पितळ त्यात नाही. पुस्तकात मारिएटा नावाची मुलगी मुलांनी एकमेकांना शिकवायला काढलेल्या गुप्त वर्गाची फितुरी करते, चित्रपटात ते चोकडून वदवून घेतलं जातं.

मला या भांडणातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. क्रीचर हा म्हातारा, शिव्या पुटपुटणारा घरगडी पटकथेतून जवळजवळ गळालाच होता. रोलिंगबाईंनी पटकथा वाचून त्याला ठेवायला सांगितलं, नाहीतर पुढे अडचण होईल म्हणून. तेव्हा सातवं पुस्तक वाचकांपुढे यायचं होतं. मधल्या खंडातलं काय जड आणि काय हलकं, हे त्या खंडापुरतं पाहून कळत नाही, याचा याहून चांगला दाखला मी देऊ शकत नाही.

१०. मधलं पुस्तक शेवटच्यानंतर पुन्हा वाचावं

ज्या साफसफाईच्या पानांवर मुलं कंटाळतात, तिथे एका कपाटातून कुणालाच न उघडणारं एक जड लॉकेट निघतं आणि कचऱ्यात जातं. एका ओळीत ते येतं आणि जातं. सातव्या पुस्तकात कळतं, की ज्याच्यासाठी सारी धडपड चालली तेच ते होतं. ते क्रीचरने जपलं होतं, मग चोरीला गेलं, आणि शेवटी सापडलं अंब्रिजच्या गळ्यात.

फ्रेड आणि जॉर्ज माँटेग्यू नावाच्या मुलाला ज्या मोडक्या कपाटात कोंबतात, त्याच कपाटाच्या वाटेने सहाव्या पुस्तकात शत्रू शाळेत शिरतात. सिरियसने नाताळच्या सुट्टीअखेर दिलेलं आरशाचं पुडकं हॅरी उघडत नाही. सिरियस गेल्यावर उघडतो आणि रागाने आरसा फोडतो. त्याच आरशाच्या तुकड्यामुळे सातव्या पुस्तकात त्याचा जीव वाचतो. हॉग्ज हेडच्या कळकट गुत्त्याचा मालक कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो, एवढंच पाचव्यात म्हटलेलं असतं. तो कोण हे सातव्यात कळतं.

पण दुसऱ्या वाचनात सर्वांत जास्त हाती लागतो तो हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल लाँगबॉटम. त्याचे आईवडील छळाने भ्रमिष्ट होऊन इस्पितळात आहेत. आई त्याला ओळखत नाही, तरी दर भेटीत च्युइंगमचा रिकामा कागद त्याच्या हातात ठेवते. आजी म्हणते टाकून दे. तो हळूच खिशात ठेवतो. पहिल्या वाचनात मुलं इथून पुढे पळतात, कारण त्यांचं लक्ष हॅरीकडे असतं. भविष्यवाणी नेव्हिललाही लागू पडू शकली असती, हे डम्बलडोर सांगतात तेही घाईत निसटतं. सातवं पुस्तक संपवून परत आलेल्या मुलांना मात्र तो कागद दिसतो. मंत्रालयात नाक मोडलेलं, वडिलांची छडी तुटलेली, तरी मागे न हटणारा मुलगा दिसतो. तेव्हा तीच मुलं, जी हे पुस्तक 'फार लांब' म्हणाली होती, नेव्हिलवर आणखी पानं हवी होती म्हणतात.

११. मोठ्यांचं मत मोठ्यांसाठी असतं

पुस्तक आल्यावर महिन्याभरात इंग्रज कादंबरीकार ए. एस. बायट यांनी 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये कडक लेख लिहिला. रोलिंग यांचं जग उसनं आहे, आणि मोठी माणसं ते वाचतात हे त्यांच्या कल्पनाशक्तीच्या मर्यादेचं लक्षण आहे, असा त्याचा सूर होता. त्यावर दोन्हीकडून पुष्कळ लिहिलं गेलं.

बायट विदुषी होत्या, त्यांचा मान ठेवूनच सांगते: कल्पना उसनी आहे की नाही हे ठरवायला आयुष्यभर वाचन केलेलं माणूस लागतं. पण हाताला जखम झालेलं मूल कुणाला का सांगत नाही, हे ठरवायला तेरा वर्षांचा वाचक पुरेसा असतो, आणि तो चुकत नाही. आपल्याकडेही 'हे काय जादूटोण्याचं वाचता, काही सकस वाचा' असं म्हणणारे भेटतात. मी त्यांना एवढंच म्हणते, की सत्ता खोटं बोलते तेव्हा वर्तमानपत्र कसं वागतं, शाळेत काय शिकवायचं हे मंत्रालय ठरवू लागलं की काय होतं, आणि मग मुलं एकमेकांना शिकवायला कशी उभी राहतात, हे ज्या पुस्तकात आहे ते सकसच आहे.

पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. तुमचं मूल एखाद्या मालिकेच्या मधल्या पुस्तकात अडलं, कंटाळलं, चिडलं, तर त्याला 'पूर्ण कर' म्हणून बसवू नका आणि बदली म्हणून सिनेमाही लावू नका. कुठल्या पानावर अडलास ते विचारा, ते पान स्वतः वाचा, आणि त्याची तक्रार शेवटपर्यंत ऐका. काही दिवस पुस्तक त्याच्या हाताला येईल अशा ठिकाणी ठेवा. आणि मालिका संपली, की हे एक पुस्तक त्याला पुन्हा एकदा वाचायला सांगा. 'ऑर्डर ऑफ द फिनिक्स' मालिकेतलं सर्वांत सुबक पुस्तक नाही. तरुण होत चाललेल्या वाचकाला मात्र मालिकेतलं दुसरं कुठलंही पुस्तक इतकं देत नाही, असं माझं ठाम मत आहे.